घरातून जाणारा रस्ता

शमीम आपा,

नाझनीन सकाळी माझ्या दारात आली, डोक्यावरची ओढणी सावरत. तिला काही बोलावंच लागलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सुटल्या का?" आणि मग मीच दचकले, की हे काय बोलून बसले मी. पण तुमची सून रडता रडता मान हलवत म्हणाली, "हां भाभी. सुटल्या अम्मी. आरामसे गेल्या."

आठवडा होत आला. तुमच्याकडचं येणंजाणं ओसरलं, तिसऱ्या दिवसाचा तीजाही झाला. मी रोज वाट पाहते की आता रडू कोसळेल. येतं, नाही असं नाही. परवा बाजारात दोरीत ओवलेला हिरव्या बांगड्यांचा हारा दिसला तेव्हा आलंच. पण त्या रडण्याच्या खाली काहीतरी हलकं झालं आहे, ते लपवत नाही. दोन वर्षं तुम्ही उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलात. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय इतके सुजायचे की चपला होत नव्हत्या. मरणाला तुम्ही भीत नव्हतात, यवतमाळच्या दवाखान्यातल्या खाटेला भीत होतात. माझ्यादेखत इरफानला किती वेळा बजावलं असेल, "मले तिकडं नळ्या लावून नको ठेवजो रे. मले माह्या घरी मरू देजो."

तसंच झालं. घरी, खिडकीजवळच्या पलंगावर, अर्धा कप चहा पिऊन. पोराला तुम्हाला घेऊन धावावं लागलं नाही. म्हणून सुटल्या म्हणाले. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "बरोबर बोलली. आता रडू नको, चाय पी."

लग्न होऊन मी पहिल्यांदा ढाणकीला आले ती तुमच्याच ओट्यावर. सासूबाई घेऊन आल्या होत्या चुडा भरायला. माझं माहेर सोयाबीन-तुरीच्या शिवारातलं, हात कामाचे, सांधे जाड. पहिली बांगडी फुटली, दुसरी फुटली. मला वाटलं, आता या रागावतील. तुम्ही माझं मनगट हातात घेऊन नुसत्या बसून राहिलात आणि सासूबाईंशी गप्पा मारत राहिलात, कापसाच्या, पावसाच्या, कोणाच्या तरी म्हशीच्या. मग हळूच मला म्हणालात, "हात ढिला सोड वं पोरी. कडक केला की काच फुटते." बोलण्याच्या नादात डझनभर बांगड्या कधी चढल्या ते कळलं नाही.

तेव्हापासून मी तुम्हाला आपा म्हणत आले. गल्लीत सगळेच म्हणायचे. कोपऱ्यावरचं तुमचं घर, पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, आणि दुकानासमोर नालीवरून थेट रस्त्यात आलेला तो रुंद ओटा. तुमच्या मालकांनी, आमच्या चाचांनी, स्वतःच्या हातानं बांधलेला. ते गेल्यावर तुम्ही त्यांच्या जागेवर बसायला लागलात. नव्या नवऱ्या, ओटीभरणाच्या बाया, जत्रेआधीच्या लेकीबाळी, सगळ्यांचे हात त्याच ओट्यावर भरले गेले. गिऱ्हाईक नसलं तर गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन टेकायच्या. त्या ओट्यामुळे कोपऱ्यावरचा रस्ता निम्मा झाला आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

आलं ते माझ्या गौरीचा हात मोडला त्या दिवशी.

उसाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गल्लीतून जात होते, कारण बाहेरच्या रस्त्यानं फेरा पडतो. शाळेचा ऑटो नेहमीसारखा खच्चून भरलेला. गौरी दुसरीत होती, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर बसायची. मला ते दिसायचं, आणि सगळ्यांचीच लेकरं तशी जातात म्हणून मी मन घट्ट करायचे. तुमच्या कोपऱ्यावर ऑटोनं ट्रॅक्टरला जागा द्यायला म्हणून चाक बाजूला घेतलं आणि मागचं चाक उघड्या नालीत गेलं. नालीवरच्या फरशा आपल्याच लोकांनी केव्हातरी गाळ काढायला उचलल्या होत्या, परत कोणी ठेवल्या नव्हत्या.

मी धावत पोहोचले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात, मांडीवर गौरी. तिचा हात तुमच्या ओढणीनं शाळेच्या पाटीला बांधलेला. बाकीची लेकरं चिखलानं माखून ओट्यावर रांगेत बसलेली आणि इरफान एकेकाला पाणी पाजत होता. गौरी रडत नव्हती, मला पाहून रडायला लागली. तुम्ही म्हणालात, "हात हाय, जुळून जाईल. हात गेला त्यात सारं आलं म्हण. समजलं काय?" मला तेव्हा समजलं नाही. दवाखान्यात प्लास्टर घालताना समजलं, की जिवावरचं हातावर निभावलं होतं.

त्यानंतर लोकांनी ऑटो सोडला. जो तो आपलं लेकरू मोटरसायकलवर सोडायला लागला. शाळेच्या फाटकाशी सकाळी अशी गर्दी व्हायची की पायी येणाऱ्याला आत शिरायला वाट नाही. आमच्याकडची मोटरसायकल गौरीच्या पप्पांबरोबर शेतावर. म्हणून मी तिला चालत न्यायला लागले, तिचा चांगला हात घट्ट धरून. शाळा काही लांब नाही. पण माझ्यासाठी ती वाट संपायचीच नाही. मागून हॉर्न वाजला की मी तिला भिंतीशी दाबून उभी करायचे. ती म्हणायची, "मम्मी, हात दुखते." मी सैल करायचे आणि दोन पावलांवर परत आवळायचे.

शेजारच्या पायलची आई म्हणाली, माझीही ने. मग आणखी कोणी म्हणालं. असं करत करत माझ्यामागे लेकरांची रांगच झाली. लोक हसायचे, "काय वं बाई, कोंबडीची पिल्लं घेऊन निघाली का?" हसू दे. पण त्या रांगेमुळे गल्ली आम्हाला नव्यानं दिसली. कुठे फरशी नाही, कुठे कोणाच्या पायऱ्या पुढे आल्यात, कुठे मोटरसायकली उभ्या असतात. लेकरू भिंतीच्या कडेनं चालू लागलं की दर दहा पावलांवर त्याला रस्त्यात उतरावं लागत होतं.

गल्लीची बैठक बसवायची ठरली तेव्हा जागा कोणती? तुमचा ओटा. दुसरी होतीच कुठे?

ती संध्याकाळ आठवली की मला अजून हसू येतं, आपा. तुम्ही स्वतः चहा केलात. कदम काका, ज्यांची मोटरसायकल वर्षानुवर्षं नालीवर उभी असायची, ते म्हणाले, गाडी आत घेतो. दोन घरांनी पायऱ्या मागे घ्यायचं कबूल केलं. फरशा कोण आणणार, मजूर कोण, वळणाच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक कसा करून घ्यायचा, सगळं भराभर ठरत गेलं. भिंतीला धरून लेकरांपुरती एक पट्टी मोकळी करायची. कोणाला विरोध नाही, कोणाचा आवाज चढला नाही. आणि मग कोणीतरी कप खाली ठेवत म्हणालं, "पण मंग हा ओटा?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. ज्याच्यावर बसलो होतो तो ओटा.

तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे पाहिलंत. शेवटी माझ्याकडे. "सुनंदा, तू बोल. तूच तं सुरू केलं हे."

मी म्हणाले, "आपा, कोपऱ्यावर तीच तर जागा आहे. तिथंच तर..."

"तिथंच गौरीचा हात मोडला. मालूम आहे मले. मीच काढली तिले नालीतून." तुम्ही कप गोळा करायला लागलात. "हा ओटा तुमच्या चाचांनी घातला. माह्यं पोट याच्यावर चालते. आता चाय झाली. घरी जा सगळे."

आम्ही उठलो. जाता जाता तुम्ही एवढंच म्हणालात, "माही मय्यत निघाल्यावर तोडजा."

मी घरी येऊन गौरीच्या पप्पांजवळ खूप चिडले. म्हणाले, आपांना लेकरांपेक्षा ओटा मोठा झाला. ते म्हणाले, "तुह्या स्वयंपाकघराची भिंत पाडतो म्हटलं कोणी, तं तू देशील का?" त्यांच्याशीही भांडले.

काम सुरू झालं. फरशा आल्या, पायऱ्या मागे गेल्या. पट्टी तुमच्या घरापर्यंत येऊन थांबली. ओट्यापाशी आलं की लेकरांनी रस्त्यात उतरायचं, अगदी वळणावर, जिथे पलीकडून येणारं काही दिसत नाही. मी पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहायचे आणि लेकरांना ओरडून सांगायचे, पळा. तुम्ही ओट्यावर बसून हे बघायचात. मी तुमच्याकडे बघायचे नाही. सलाम नाही, नमस्कार नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत तुमच्याशी न बोलण्याचे ते पहिलेच दिवस.

एका सकाळी आम्ही तुमच्या घराशी पोहोचलो आणि पुढचं दार सताड उघडं. ओट्याच्या अलीकडचं, घरातलं दार. तुम्ही उंबऱ्यात उभ्या, कमरेवर हात ठेवून.

"या," तुम्ही म्हणालात. मला नाही. लेकरांना.

लेकरं माझ्याकडे बघायला लागली.

"तिच्याकडं काय पाहता? घरातून चाला. मागचं दार उघडं आहे. मागून निघाले की शाळेचा रस्ता. कायले मरता त्या कोपऱ्यावर?"

कोपऱ्यावरच्या घराचं मागचं दार वळणापलीकडच्या रुंद रस्त्यावर उघडतं, हे मला माहीत होतं. लोकांच्या घरातून शाळेत जायचं असतं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. गौरी पहिली शिरली. तिच्यामागे पायल, मग सगळी. पुढची खोली, जिच्यात भिंतभर काचेच्या बांगड्यांचे हारे टांगलेले. मग मधली, जिथे इरफान अजून पांघरुणात. मग नाझनीनचं स्वयंपाकघर, पराठ्याचा वास, आणि मग अंगण आणि मागचं दार. शेवटी मी. तुमच्याजवळून जाताना मी खाली मान घातली. तुम्हीही दुसरीकडे बघितलंत. अशा दोघी न बोलणाऱ्या बाया, आणि एक दुसरीच्या घरातून रोज सकाळी रांग घेऊन जाते!

पहिल्याच दिवशी पायलच्या दप्तरानं एक हारा खाली आला. काचांचा आवाज झाला आणि सगळी लेकरं जागच्या जागी थिजली. तुम्ही आलात, खाली बघितलंत, झाडू घेतला. "कोणाच्या पायात चप्पल नाही? कोणी हलू नका, आधी झाडू द्या." झाडून झाल्यावर पायलला म्हणालात, "दप्तर पाठीवर नाही, पोटाशी धरायचं. माह्या घरातून जायचा हाच कायदा आहे." दुसऱ्या दिवसापासून लेकरं दारात आली की दप्तरं काढून पोटाशी धरायची, शिपायांसारखी, आणि मागच्या दारातून बाहेर पडल्यावर परत पाठीवर घ्यायची. शाळेत बाईंनी विचारलं म्हणे, ही पोरं फाटकाशी येईपर्यंत दप्तर पोटाशी का धरतात. काहींना सवयच लागली होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही बोललात माझ्याशी. मी गौरीचा हात धरून मधल्या खोलीतून जात होते. तुम्ही म्हणालात, "घरात पण हात धरून राह्यली काहून वं? माह्या स्वयंपाकघरातून ट्रॅक्टर येऊन राह्यला काय?"

मला हसू आवरेना. नाझनीन तव्यावरून वळून हसायला लागली. पांघरुणातून इरफान हसला. मी हात सोडला. त्या दिवसापासून तुमच्या घरात शिरलं की गौरी मोकळी चालायची, आणि मागच्या दाराबाहेर गेली तरी मी पुन्हा तिचा हात धरत नव्हते. अबोला कोणी सोडला, तुम्ही की मी, ते आपण कधी ठरवलं नाही. तुमचं म्हणणं, मी आधी हसले. माझं म्हणणं, तुम्ही आधी बोललात.

घर कसं बदललं होतं तुमचं! इरफानची झोप गेली. रात्री उशिरापर्यंत गाड्या दुरुस्त करणारा माणूस तो, पण लेकरं येण्याआधी उठून अंथरूण गुंडाळून ठेवायला लागला. नाझनीनला एकाचं नाक पुसावं लागायचं, दुसऱ्याला पाणी. रमजानमध्ये तुम्हा सगळ्यांना रोजे असायचे, तरी लेकरांसाठी घागर भरून दाराशी ठेवलेली. कोणी खोकलं तर तुम्ही थांबवून विचारायचात. कोण जेवून आलं नाही ते तुम्हाला तोंडावरून कळायचं, आणि त्याच्या हातात पराठ्याची गुंडाळी पडायची. माझ्या मनात एक शंका होती, ती खरी ठरली नाही. मला वाटायचं, कोणीतरी म्हणेल, आमचं लेकरू यांच्या घरातून नको. एकीनं कुजबुज केली होती. तिच्याच मुलीनं तिला सांगितलं, "मग मी ट्रॅक्टरसमोरून जाऊ का?" विषय तिथेच मिटला.

पुढच्या हंगामात तुमचं दुखणं वर आलं. एका रात्रीत श्वास इतका चढला की इरफाननं जीप करून तुम्हाला यवतमाळला नेलं. नाझनीनही गेली. घराला कुलूप. सकाळी आम्ही रांग घेऊन आलो, लेकरांनी सवयीनं दप्तरं पोटाशी घेतली, आणि दार बंद. आम्ही परत ओट्याला वळसा घालून, रस्त्यात उतरून गेलो. ट्रॅक्टर आलाच. ड्रायव्हर चांगला होता, त्यानं थांबवला, हात करून लेकरांना जाऊ दिलं. पण त्या दिवशी शाळेपर्यंत मी गौरीचा हात सोडला नाही.

दुपारी तुमचा फोन आला. इरफानच्या फोनवरून. आवाज ओळखू येत नव्हता.

"लेकरं कुठून गेले आज?"

मी म्हणाले, "आपा, तुम्ही आराम करा. गेली बरोबर."

"कुठून गेले ते विचारून राह्यली मी."

"ओट्याच्या कडेनं. रस्त्यातून."

फोनवर तुमचा श्वास घरघरत होता. मग तुम्ही म्हणालात, "तोड."

"काय?"

"ओटा. आजच तोड. कदम भौले सांग, माणसं लाव. मी तिकडं आली तं माह्यं मन होणार नाही."

मी म्हणाले, तुम्ही बऱ्या होऊन या, मग बघू, घाई काय आहे. तुम्ही रागावलात, खोकला आला, फोन इरफानकडे गेला आणि परत तुमच्याकडे आला. "ऐक. मी आज दवाखान्यात आहे तं घर बंद. उद्या मी नसली तं? दोन दारं उघडायले माणूस लागते, सुनंदा. रस्त्याले माणूस लागत नाही. समजलं काय?"

या वेळी समजलं.

ओटा तोडायला गल्लीतलं कोणी आनंदानं आलं नाही. ज्या माणसांनी बैठकीत तो विषय काढला होता, तीच घण हातात घेऊन उभी राहिली आणि कोणी पहिला घाव घालेना. शेवटी कदम काकांनी फरशा आधी सुट्या केल्या, एकेक, कडा न मोडता. चाचांनी बसवलेल्या त्या फरशा आम्ही धुऊन तुमच्या अंगणात रचून ठेवल्या. मगच खालचं बांधकाम फोडलं. नाली झाकली, पट्टी जोडली. तुम्ही घरी आलात तेव्हा भिंतीला टेकून एक अरुंद बाक तयार होता, तुमच्याच फरशांचा, दोन बाया बांगड्या भरायला बसतील एवढा. तुम्ही जीपमधून उतरून त्याच्यासमोर उभ्या राहिलात. तुम्ही हात फिरवलात फरशीवरून आणि म्हणालात, "ही उलटी लावली. चकाकती बाजू खाली गेली."

कदम काकांनी दुसऱ्या दिवशी ती उलटून दिली.

मग गतिरोधक झाले. भिंतीवर लेकरांनी शाळेतल्या उरलेल्या रंगानं फुलं काढली. तुमच्या दाराशेजारी गौरीनं बांगड्या काढल्या, त्या तुम्हाला भाकरी वाटल्या. आता आजूबाजूच्या गल्ल्यांतली लेकरंही आपल्या गल्लीतून चालत जातात. सकाळी मोटरसायकली इतक्या कमी दिसतात की शाळेच्या बाईंनी फाटकाशी झाडं लावली.

आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं, जे कधी मिटलंच नाही.

"माह्यं घर सुनं केलं तू," तुम्ही म्हणायचात.

"तुम्हीच तोडायला सांगितलं, आपा."

"मी ओटा तोडायले सांगतलं. लेकरं तोडायले नाही."

तुमचं म्हणणं होतं की मीच लेकरांना घरात शिरू देत नाही. आपा आजारी आहेत, त्यांना त्रास देऊ नका, असं मी सांगून ठेवलं आहे. तुम्ही नाझनीनजवळ म्हणालात, भेटायला येणाऱ्या बायांजवळ म्हणालात, मला तोंडावर म्हणालात. "लेकरांचा कायले त्रास? डॉक्टर तुह्या कानात बोलून गेला काय?" मी हसून सोडून द्यायचे. कधी म्हणायचे, "हो, मीच सांगितलं. काय करता?"

आता सांगते. मी लेकरांना एका शब्दानं अडवलं नव्हतं. पट्टी तयार झाल्यावर पहिले एक-दोन दिवस काही जण सवयीनं तुमच्या दाराकडे वळले. मग वळायचे थांबले. पट्टी नवी होती, गुळगुळीत होती, तिच्यावरून एका पायानं लंगडी घालत जाता येत होतं. ती बोलत-भांडत, एकमेकांना ढकलत सरळ निघून जायची, आणि तुमचं दार उघडं आहे हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. पराठा खाल्लेली लेकरं, नाक पुसून घेतलेली लेकरं. गौरीसुद्धा. मी तिला एकदा विचारलं, आपांकडे का जात नाही. ती म्हणाली, "आता कायले? आता तं रस्ता आहे." तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. भूक लागल्यावर खावं, तसं ती रस्त्यानं चालत होती.

हे मी तुम्हाला सांगू शकले नाही. लेकरं विसरली हे ऐकण्यापेक्षा सुनंदानं अडवली हे तुम्हाला सोपं जाईल, असं मला वाटलं. माझ्यावर चिडलात की तुमच्या चेहऱ्यावर रंग यायचा, आवाज पूर्वीसारखा चढायचा, मला तेही हवंच होतं. मग शाळा सुटल्यावर मी गौरीला आणि पायलला तुमच्याकडे पाठवायचे, कधी भाजी घेऊन, कधी बांगडी मोठी झाली म्हणून. तेव्हा मात्र त्या तासभर बसायच्या. त्याचं श्रेय तुम्ही मला कधी दिलं नाहीत, ते सोडा.

कधीकधी वाटतं, तुम्हाला सगळं कळत होतं. खिडकीजवळ पलंग तुम्हीच हलवून घेतला होता. तिथून ती पट्टी पूर्ण दिसते. तुम्ही रोज सकाळी पाहत होतात, लेकरं कशी हसत-खिदळत तुमच्या दारावरून जातात ते. मी तिथे अडवायला उभी नसते, हेही तुम्हाला दिसत होतंच की! मग भांडण कायले करत होतात, आपा? मला बरं वाटावं म्हणून? मी तुम्हाला सांभाळते आहे असं मला वाटत होतं आणि तुम्ही मला?

हे आता तुम्हाला विचारता येणार नाही, याचं वाईट वाटतं. पण एका गोष्टीचं बरंही वाटतं. आदल्या संध्याकाळी मी आले होते तेव्हा आपण भांडलो नाही. तुम्ही दमल्या होतात. मी तुमचे पाय चेपत बसले. तुम्ही विचारलंत, तूर कशी आहे, गौरीच्या पप्पांचा गुडघा कसा आहे. मी उठले तेव्हा म्हणालात, "उद्या येशील तं थोडी मेथी आणजो. नाझनीनले चांगली पाहता येत नाही." शेवटचं बोलणं मेथीचं झालं. त्यात काही राहून गेल्यासारखं नाही. मी दुसऱ्या दिवसासाठी मेथी आणून ठेवली होती. ती नाझनीनकडे आलेल्या पाहुण्यांच्या स्वयंपाकात गेली.

नाझनीननं मला नंतर सांगितलं. त्या सकाळी तुम्ही चहा घेत खिडकीतून बघत होतात. लेकरं गेली. शाळेची घंटा ऐकू आली. तुम्ही विचारलंत, "गेले काय सगळे?" ती म्हणाली, "गेले अम्मी." तुम्ही कप तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, "मंग आता परदा ओढ. थोडी झोपते." आणि आडव्या झालात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आडव्या. तिला वाटलं, आज आराम पडला.

काल गौरीला शाळेतून यायला उशीर झाला. पाचवीत आहे आता, मैत्रिणींबरोबर येते. मी भाकरी थापत होते. शेवटची तव्यावर टाकली तेव्हा ती दारात आली, केसांत गवत, एका पायातला मोजा खाली. म्हणाली, "आम्ही फाटकाशी झाडाला पाणी घालत होतो. तू शोधायला नाही आली?"

"नाही."

"घाबरली नाही?"

मी विचार केला. भाकरी उलटवली. खरंच, मनातसुद्धा आलं नव्हतं.

"नाही वं," मी म्हणाले. "हात धुऊन ये. गरम आहे तोवर खाऊन घे."